तिसऱ्या माळेचं अळणी

अफझलगंजात गुळाच्या वखारी संपल्या की एक गल्ली मूसी नदीच्या दिशेनं उतरते. तिथं पिंपळदरीकर राजांची देवडी, म्हणजे वाडा, आहे. कागदावर देवडी, पण हत्ती जाईल एवढा दरवाजा, त्याला बोटभर लांबीचे सुळे आणि कोपऱ्यांना बुरूज, म्हणून गल्लीत तिला 'मरेठों की गढी' म्हणतात. बुरूज मुळात चार. रस्ता रुंद झाला तेव्हा एक गेला, त्याच्या जागी आता पंक्चरचं दुकान आहे.

या दरवाजाशी तारामतीबाई बसतात. वय साठीच्या पुढे, आवाज असा की चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही पुढे यावं लागत नाही. माहेर नांदेडकडचं, शाळा मराठी. दहावीला गणितानं दगा दिला, लगेच लग्न झालं, आणि हिम्मतरावांच्या पाठोपाठ त्या या दरवाजाशी आल्या. हिम्मतरावांचं घराणं राजांबरोबरच पिंपळदरीहून आलेलं. राजे गादीवर, हे दारावर. दरवाजाच्या आतल्या अंगाला दोन खोल्या, तेच घर. हिम्मतराव वारले तेव्हा मुलगा संदेश म्हणाला, "आई, चल माधापूरला. लिफ्ट आहे, गॅस नळानं येतो."

"मी गेले तर दार कोण बघणार?"

"आता कोण चढाई करून येणारे, आई?"

हे खरंच होतं. तरी त्या राहिल्या.

राजांच्या सूनबाई निशिगंधा वहिनीसाहेब पुण्याच्या. त्यांनी दर रविवारी देवडी लोकांना दाखवायला काढली. सुरुवातीला इंग्रजीत माहिती सांगायला एक तरुण ठेवला होता, तो तीन रविवारांत पळाला. चौथ्या रविवारी माणसं येऊन चौकात उभी, सांगायला कुणी नाही. तारामतीबाई पदर खोचून पुढे झाल्या. तेव्हापासून गढीचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकायचा, अशी रीत पडली.

"या, चपला असू द्या, हे देऊळ नव्हे," असं त्या सुरू करत. "निजामानं औरंगाबादहून राजधानी इकडं आणली, तेव्हा आमच्या राजांनाही गाव सोडून यावं लागलं. आले ते चारशे घोडी घेऊन. परमुलूख, म्हणून घर न बांधता गढी बांधली. भिंत बघा, माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. इथं हत्ती बांधायचे. आता कांद्याचे ट्रक लागतात, वास तेवढा बदलला. हा दिवाणखाना सत्तावन सालानंतरचा, गोऱ्या साहेबाला बसवायला केलेला. साहेब आलाच नाही, पण खुर्च्या आल्या. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेली, तेव्हा मागच्या बागेत प्लॉट पडले. तिथल्या झाडांवर राजांचे मोर होते. मोर उडून पब्लिक गार्डनला गेले म्हणतात. आपण काही मोजायला गेलो नाही."

लोक हसत. असं हसवत हसवत त्या अडीचशे वर्षं अर्ध्या तासात फिरवून आणत. आणि सगळ्यात शेवटी, परत दरवाजाशी आल्यावर, सांगत एकोणीसशे आठचा मूसीचा पूर.

या पुराच्या गोष्टीपाशीच तारामतीबाईंचं पाप होतं.

खरं काय ते त्यांना लग्नाच्या पहिल्या नवरात्रात कळलं होतं. या घरात तिसऱ्या माळेला अळणी खायचं. भाताला मीठ नाही, वरणाला नाही, भाकरीत नाही. तारामती नवी नवरी. तिला वाटलं देवीचं काही व्रत असेल. माहेरी सांगू म्हणून तिनं सासूला, भामाबाईंना, हौसेनं विचारलं, "आत्याबाई, हे कुठल्या देवीचं?"

भामाबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"देवीचं न्हाई. दाराचं."

मग तेवढ्याच सपाट आवाजात त्यांनी सांगितलं. पुराच्या दिवशी पहाटे दारावर होते नामदेवबाबा, हिम्मतरावांचे पणजोबा. गढी उंचावर, म्हणून खालच्या वस्तीतली माणसं लेकरं घेऊन दाराशी आली. दार बडवत होती. किल्ली नामदेवबाबांच्या कमरेला होती. पण सूर्यास्तानंतर लावलेलं दार राजांच्या हुकमाशिवाय उघडायचं नाही, आणि राजे झोपलेले. राजे आपण होऊन खाकरून पाणी मागेपर्यंत त्यांच्या माडीखाली पाऊलही वाजवायचं नाही, अशी या गढीची रीत. कुणी उठवायला धजेना. नामदेवबाबा किल्ली मुठीत धरून राजांच्या खाकरण्याची वाट बघत बसले. राजे उठले तोवर दारावरच्या थापा थांबल्या होत्या.

"त्या दिशी बाबांच्या पानातलं मीठ गेलं ते गेलं," भामाबाई म्हणाल्या. "खाल्ल्या मिठाला जागलो, म्हनून मीठच नको, असं म्हनले म्हने. आपुन वर्सातून येक दिस पाळतो. ह्ये बाहेर बोलायचं न्हाई."

तारामतीबाई कधी बोलल्या नाहीत. पुराची गोष्ट सांगायची वेळ आली तर पाणी कुठवर चढलं तेवढं दाखवत आणि आवरतं घेत.

हिम्मतराव जाऊन दोनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. गच्चीबावलीकडून कंपन्यांत काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मराठी मुलांचा घोळका आला होता. त्यात अनिकेत नावाचा एक चुणचुणीत मुलगा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "मावशी, म्हणजे तुमच्या घरच्यांनी अडीचशे वर्षं नुसतं दार उघडलं आणि लावलं? सॉलिड जॉब सिक्युरिटी!"

मुलं हसली. वाईट मनानं नव्हे. तारामतीबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांपुढे हिम्मतराव आले, दाराशी स्टुलावर बसून बसून पाय सुजलेले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नुसतं नाही हं. पुरात यांच्या पणजोबांनी राजांच्या हुकमाची वाट न बघता दार उघडलं. ऐंशी माणसं जगली."

एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अनिकेतनं वाकून नमस्कार केला. त्या वेळी तारामतीबाईंना कसं बरं वाटलं, ते त्यांनी पुढे देवापुढेसुद्धा पुरतं कबूल केलं नाही.

एकदा उघडलेलं दार मग दर रविवारी उघडावं लागलं. ऐंशीची दीडशे माणसं झाली. नामदेवबाबांच्या खांद्यावर एक ओलं लेकरू आलं. राजांनी रागावून तलवार उपसली आणि मग स्वतःच लाजून म्यान केली. अनिकेतनं व्हिडिओ काढून नेटवर टाकला, तो लाखभर लोकांनी पाहिला. गल्लीतला पंक्चरवाला म्हणू लागला, "अम्मा, तुम तो फेमस हो गये." तारामतीबाई म्हणत, "हौ हौ, बस कर," आणि आत येऊन देव्हाऱ्याकडे पाठ करून बसत. तिसऱ्या माळेचं अळणी मात्र त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही. ते कशासाठी पाळतो, हे दिवसभर मनात येऊ द्यायचं नाही, एवढंच.

त्या वर्षी तारीख आणि तिथी एकत्र आली. अठ्ठावीस सप्टेंबर, आणि नवरात्राची तिसरी माळ. पुराला एकशे चौदा वर्षं. निशिगंधा वहिनीसाहेबांनी दरवाजाच्या कमानीखाली पितळी पाटी बसवायची ठरवली, नामदेवबाबांच्या नावाची. शंभरेक माणसं बोलावली, तारामतीबाईंना शाल द्यायचं ठरलं.

"वहिनीसाहेब, पाटी कशाला? राहू द्या ना," तारामतीबाईंनी आठवडाभर आधीपासून तीनदा म्हणून पाहिलं.

"तुमचा विनय पुरे झाला आता," त्या म्हणाल्या. "नवी साडी नेसा, मावशी. ती मोरपंखी."

त्या सकाळी मंडप भरला होता. पाटीवरचा पडदा काढायचा, एवढ्यात दरवाजाशी रिक्षा थांबली. तिच्यातून काठी टेकत एक म्हातारी उतरली. पांढरं पातळ, कपाळ मोठं, पाठ ताठ. धरायला म्हणून तिची भाची पुढे झाली तर म्हणाली, "केतकी, सोड, मी पडले तर ओरडेन, तेव्हा धर." ही नारायणगुड्याची रेणूबाई. चाळीस वर्षं नर्स होती, लग्न केलं नाही, आता ब्याऐंशीची.

केतकीनं वहिनीसाहेबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. वहिनीसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक रेणूबाईंच्या हातात दिला.

"मला हे नको, मी वॉर्डात ओरडलेली बाई आहे," रेणूबाई म्हणाल्या आणि माईक परत केला. "ऐका. माझी आई त्या पुरात सहा वर्षांची होती. तिची थोरली बहीण ठकू दहाची, आणि ठकूच्या कडेवर दीड वर्षांचा म्हादू. ही तिघं या दाराशी आली होती. ठकू आणि म्हादू गेले. आई वाहत जाऊन चिंचेच्या फांदीला अडकली, म्हणून मी तुमच्यापुढे उभी आहे. आई जन्मभर सांगायची की गढीवाल्यांनी दार उघडलं नाही. या गल्लीत ती पाऊल टाकायची नाही. वखारीतून गूळ आणायचा तर उस्मानगंजावरून वळसा घालायची. रोज दिवा लावताना या घराला शाप द्यायची. शेवटच्या आजारातसुद्धा दिला. गेल्या वर्षी केतकीनं मला तो व्हिडिओ दाखवला. तेव्हा मला कळलं, दार उघडलं होतं. लेकरू होतं ते, घाबरलं असेल, त्याला काय दिसणार? पण शाप तर लागले असतील ना. म्हणून मी तिच्या वतीनं माफी मागायला आलेय."

तिनं पिशवीतून खण आणि नारळ काढला. काठी केतकीकडे दिली. गुडघे धरत धरत खाली बसली, दरवाजाच्या दगडी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि उंबऱ्यालाच डोकं टेकलं.

तारामतीबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. पाय उचलला असता तर तिला अडवता आलं असतं. 'आई, उठा, माफी आम्ही मागायची' एवढे शब्द होते. समोर शंभर माणसं, वीस फोन. त्या मोरपंखी साडीचं टोक चुरगाळत उभ्या राहिल्या, आणि म्हातारीचं डोकं उंबऱ्यावर तसंच होतं. मग लोकांनी तिला उठवलं, टाळ्या झाल्या, पाटी उघडली, शाल तारामतीबाईंच्या खांद्यावर पडली. रेणूबाईंनी पुढे येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि स्वतःच्या डोळ्यांना लावले.

आपले ते हात कापून टाकावेत, असं तारामतीबाईंना वाटलं.

लोक चहाकडे वळले. रेणूबाईंना उन्हाचा त्रास होऊ लागला, तेव्हा तारामतीबाईंनी त्यांना आपल्या खोलीत नेलं, पंखा लावला. नवरात्राची माळ टांगलेली, समई तेवत होती. रेणूबाईंनी हात जोडले, मग चुलीकडे बघून मोकळेपणानं म्हणाल्या, "काय केलंयस? माझ्या गोळ्या जेवणावर आहेत. चहा नको, दोन घास दे."

"आमचं आज... अळणी असतं, आई. तुम्हाला जायचं नाही."

"मला बीपी आहे बाई. दहा वर्षं अळणीच खातेय. वाढ."

तारामतीबाईंनी वरणभात वाढला. रेणूबाईंनी कालवून घास घेतला.

"चांगलं झालंय. कसलं व्रत हे? नवरात्रात उपास ऐकलाय, अळणी नाही ऐकलं. देवीचं?"

एवढं साधं विचारणं. 'हो' म्हटलं की झालं असतं. तारामतीबाईंनी देवीकडे पाहिलं. समईसमोर बसून या बाईला, या पानावर, आणखी एक खोटं वाढायचं, हे त्यांच्यानं झालं नाही.

"देवीचं नाही," त्या म्हणाल्या. "दाराचं." आणि सगळं सांगितलं. थापा, किल्ली, राजांची झोप, नामदेवबाबांचं मीठ. अनिकेतचं हसणं आणि आपलं खोटंही.

रेणूबाईंचा हात भातात तसाच राहिला.

"किल्ली कुठं होती म्हणालीस?"

"कमरेला."

"आई म्हणायची, आत किल्ल्या वाजत होत्या. आम्ही म्हणायचो, तुला भास झाला." त्यांनी ताट पुढे सारलं. मग म्हणाल्या, "तो व्हिडिओ पाहिला त्या दिवशी मी तिच्या फोटोसमोर उभी राहून म्हटलं, आई, तू खोटं बोललीस. मेलेल्या बाईला म्हटलं गं मी. आणि आज तुझ्या उंबऱ्यावर डोकं ठेवलं. तू बघत होतीस."

"हो."

"कशी बघत होतीस?"

तारामतीबाईंनी रेणूबाईंचे पाय धरायला हात पुढे केले. रेणूबाईंनी पाय पातळाखाली ओढून घेतले.

"ते नको. मी माफी मागितली ती चारचौघांत. तू मला चार भिंतींत सांगतेस. हे बरं आहे तुझं!"

त्या उठल्या, मोरीत हात धुतला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. जा म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या.

तारामतीबाई चौकात आल्या. लोकांच्या हातात बशा होत्या, समोसे होते. नेहमीचा आवाज निघेना. "जरा ऐका," असं दोनदा म्हणावं लागलं. मग त्यांनी सांगितलं. दार उघडलं नव्हतं. ऐंशी नाही, दीडशे नाही, एकही माणूस या दारानं वाचलं नाही. ही गोष्ट मी रचली. माझ्या घरच्यांना कुणी हसू नये म्हणून रचली. ठकू नावाची मुलगी होती, तिच्या कडेवर म्हादू होता, ती दोघं या दाराबाहेर गेली. या आईंची आई खरं बोलत होती.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी बशी खाली ठेवली, तिचा आवाज मोठा झाला. एक गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, "मग आपण आलो कशाला?"

रेणूबाईंनी मागे उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग केतकीला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव." जाताना उंबऱ्यावरचा नारळ उचलून पिशवीत घातला. खणही उचलला, हळदकुंकू पदरानं पुसलं. तारामतीबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि 'येते' म्हणाल्या नाहीत.

मंडप रिकामा झाल्यावर निशिगंधा वहिनीसाहेब आल्या. तारामतीबाईंनी शाल घडी करून त्यांच्यापुढे धरली.

"मला ठाऊक होतं," वहिनीसाहेब खालच्या आवाजात म्हणाल्या. "आजेसासूबाई बोलल्या होत्या एकदा. राजे झोपले होते ना, ते आमच्याकडचं. तुम्ही गोष्ट बदललीत तेव्हा आमचंही झाकलं गेलं. मला ते सोयीचं वाटलं." त्यांनी शाल घेतली आणि तिच्याकडेच बघत राहिल्या. "पाटी उद्या काढायला सांगते. रविवारचं... तुम्हाला नको असेल तर बंद करू."

"नको वाटतंय," तारामतीबाई म्हणाल्या. "पण मीच सांगते. खोटं मी सांगितलं, तर आता दुसऱ्या कुणी सांगून कसं चालेल?"

पुढच्या रविवारी सात जण आले. तारामतीबाईंनी गढी दाखवली. हत्तीची जागा दाखवताना कांद्याचा विनोद केला, पण त्यांचा त्यांनाच ओशाळवाणा वाटला. परत दरवाजाशी आल्यावर पूर सांगितला, जसा झाला तसा. सांगताना नजर वर केली नाही. सातांत शाळेच्या वयाची एक मुलगी होती. तिनं विचारलं, "मग त्या दारवाल्या आजोबांना राजांनी काढून टाकलं का?"

"नाही गं. राजे खूश झाले. हुकूम पाळला म्हणून पागोटं दिलं त्यांना."

"मग ते काय करत होते पुढं?"

"दार सांभाळत होते," तारामतीबाई म्हणाल्या. "आणखी एकोणीस वर्षं. याच जागेवर."